राजाचे शेवटचे घर

नवी मुंबईतल्या पनवेल-उरणच्या लोकांना पत्ता लिहिताना ‘जिल्हा रायगड’ असे लिहावे लागते. पूर्वी हा कुलाबा जिल्हा. १९८१ साली त्याला ज्या गडाचे नाव मिळाले, त्या गडावर शिवछत्रपतींची समाधी आहे. ती पाहण्यापूर्वी आपण जरा दूर, चीन देशात जाऊन येऊ.

चिनी लोकांची समजूत अशी, की मेलेला माणूस परलोकातही संसार करतो. मग सम्राटाला तिथे राजवाडा नको का? सैन्य नको का? चीनचा पहिला सम्राट शी ह्वांग इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर मातीची टेकडीच रचलेली आहे. तिच्यापासून काही अंतरावर १९७४ साली शेतकरी विहीर खणत होते. तो हाती लागली भाजलेल्या मातीची माणसे! हे मातीचे सैन्य सुमारे आठ हजारांचे असावे, असा अंदाज आहे. मुख्य थडगे मात्र अजून कोणी उघडलेले नाही. त्याला कारणही तसेच आहे. बीजिंगजवळ मिंग घराण्यातल्या तेरा सम्राटांची थडगी आहेत. त्यांतले वान्-ली सम्राटाचे थडगे १९५६ मध्ये खणायला घेतले. आतली रेशमी वस्त्रे बाहेरची हवा लागताच विटली, कडक होऊन गेली. तिथे टिकवायचे म्हणजे झाकून ठेवायचे!

आता रायगडावर या. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांनी गडावरच देह ठेवला. आपल्याकडे देह अग्नीच्या स्वाधीन करतात. मागे उरते ती राख, आणि ती जागा. मग तळघर कशाला, आणि गुप्त दरवाजे तरी कशाला? जगदीश्वराच्या देवळासमोर एक अष्टकोनी चौथरा, एवढेच बांधकाम. लपवण्याजोगे त्यात काहीच नाही.

पण यातच एक धोका आहे, बरे का! पुरलेले थडगे विसरले तरी मातीखाली सुरक्षित राहते. उघडा चौथरा विसरला, की त्यावर झाडे उगवतात, दगड निखळतात. १८१८ साली गड इंग्रजांकडे गेला आणि नेमके तेच झाले. १८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज लेखकाने या दुर्दशेबद्दल हळहळ व्यक्त केली. पुढे १८९५ साली लोकमान्य टिळकांनी हाक दिली, लोकांनी पैसा जमवला, १८९६ साली गडावर उत्सव झाला. त्यानंतर विसाव्या शतकात समाधीचा जीर्णोद्धार झाला.

सम्राटाने आपल्या राखणीला मातीचे शिपाई ठेवले. रायगडच्या चौथऱ्याला राखण आहे ती जिवंत माणसांची. तेव्हा महाडमार्गे कधी गडावर गेलात, तर नमस्कार कराच. पण कागदाचा कपटाही मागे टाकू नका. तीही एक राखणच आहे.