पिंपाजवळ पेंग का येते?

विषयाची पाटी वाचून पुढच्या रांगेत हसू आलेलं दिसतंय, ते साहजिक आहे. घरी बियर करताना झोप का येते? प्यायल्यामुळे येते, हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. (हशा) आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एक थेंबही घेतलेला नाही, नुसतं माल्टचं पाणी उकळतंय किंवा कोपऱ्यात पिंप फसफसतंय, आणि तरी डोळे मिटायला लागतात, डोकं जड होतं. ते कशामुळे?

कायद्याचं आधी बोलून टाकतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 सालचा आहे, आणि परवान्याशिवाय घरात बियर करणं त्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे कृती सांगायला मी आलेलो नाही. पण आंबण्याची क्रिया वसईला काही नवीन नाही. नाताळ जवळ आला की इथल्या ख्रिस्ती घरांतून बरण्यांमध्ये वाईन मुरायला पडते. ताडी सकाळी गोड असते आणि दुपारपर्यंत फेसाळते. इतकंच काय, रात्रभर फुगलेलं इडलीचं पीठसुद्धा त्याच वायूनं फुगतं. कार्बन डायऑक्साइडनं.

या वायूची गंमत नीट पाहिली ती जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकानं. 1767 साली तो लीड्स गावात राहायला आला, आणि शेजारी नेमकी बियरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपांवर साधारण वीतभर उंचीचा एका वेगळ्याच हवेचा थर असतो, हे त्याच्या लक्षात आलं. पेटती काडी त्या थरात नेली की विझायची. काडीचा धूर मात्र थरावर तरंगत राहायचा आणि मग पिंपाच्या काठावरून खाली जमिनीकडे ओघळायचा, दूध उतू जावं तसा. पुढे हाच वायू त्यानं पाण्यात मिसळला. आज नाक्यावर आपण सोडा पितो तो तिथून आला.

म्हणजे पिंपातून जड वायू निघतो आणि तो श्वासाला वाईट. मग कोडं सुटलं? थांबा, जरा हिशेब करू. एक किलो साखर पूर्ण आंबली तर साधारण निम्मी, म्हणजे 490 ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. तो आपल्या हवामानात 270 लिटरच्या आसपास जागा व्यापतो. वीस लिटरच्या पिंपात दोन किलो साखर आंबली असं धरा. झाले साडेपाचशे लिटर. आकडा मोठा वाटतो, पण तो निघायला चार-पाच दिवस लागतात. आणि आपण प्रत्येक जण श्वासातून दिवसाला तीन-चारशे लिटर तोच वायू सोडत असतो! तेव्हा पिंप अगदी जोरात असलं तरी खोलीत अर्धा माणूस जास्त झोपला, इतकाच त्याचा भार. वाऱ्याच्या खोलीत त्यानं पेंग येणार नाही.

मग शेगडीकडे बघा. बियरमध्ये माल्टचं गोड पाणी तासभर खळखळ उकळावं लागतं. वीस लिटरचा टोप, मोठा बर्नर, फुल गॅस. समजा तासात दीडशे ग्रॅम एलपीजी जळला. एक किलो एलपीजी जळून तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे इथे साडेचारशे ग्रॅम, अडीचशे लिटर. पिंप साधारण दोन दिवसांत देतं तेवढा वायू शेगडी एका तासात देते. स्वयंपाकघरात पंधरा-वीस माणसं येऊन बसल्यासारखं झालं.

आता आपली घरं आठवा. वाडीतल्या कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा, आणि मोठं रांधप असलं तर चूल परसात मांडायची. नालासोपाऱ्या-विरारच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आठ बाय आठचं, सरकत्या काचा, डासांमुळे संध्याकाळी बंद, आणि एक्झॉस्ट फॅनची जागा पुठ्ठा लावून बुजवलेली. (हशा) तुम्ही हसताय, म्हणजे पुठ्ठा ओळखीचा आहे. एवढ्या खोलीत हवा सोळा हजार लिटर. काहीच बाहेर गेलं नाही तर त्या अडीचशे लिटरनी प्रमाण दीड टक्क्यावर जाईल. बाहेरच्या हवेत ते 0.04 टक्के असतं, आणि कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी 0.5 टक्क्याची मर्यादा सर्रास मानली जाते. फटींमुळे दीड टक्का प्रत्यक्षात गाठला जात नाही, पण कोंदट वाटून जांभया यायला त्याहून पुष्कळ कमी पुरतं.

इथपर्यंत त्रास आहे, जीवाला धोका फारसा नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या वायूची. घरगुती शेगडीवर तिच्या मापापेक्षा फार मोठा टोप ठेवला की तो बर्नरला झाकून टाकतो. ज्योतीला हवा पुरत नाही, टोपाच्या थंड बुडावर ती आदळते आणि गॅस अर्धवट जळतो. निळी ज्योत पिवळी होते, बुडाला काजळी धरते. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस म्हणतो, जरा आडवा होतो. तेच करायचं नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून अंघोळीला गेलेली माणसं दगावतात, ती याच वायूनं.

ओळखायचं कसं? खोलीबाहेर गेलं की बरं वाटतं आणि परत आलं की पुन्हा डोकं धरतं. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी सारखाच त्रास होतो. अशा वेळी बर्नर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या. कुणी भ्रमल्यासारखं बोलत असेल, उठत नसेल, तर 108 ला फोन करा आणि बंद खोलीत शेगडी चालू होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर अपचन किंवा दारू समजून वेळ जातो.

बाकीची कारणं त्या मानानं साधी. तासाभराच्या उकळीत दोन-तीन लिटर पाण्याची वाफ होते. आपल्या दमट हवेत ती खोलीत भरली की घाम वाळत नाही, अंगातलं पाणी कमी होतं, रक्तदाब उतरतो. त्यात पाच-सहा तास उभं राहणं. यानं सुस्ती येते, आणि बहुतेक वेळा कारण एवढंच असतं असं माझं मत. बियरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं युरोपात झोपेसाठी उशीत भरायची रीत आहे, पण टोपावरच्या वाफेनं पेंग येईल याला भक्कम पुरावा नाही. आणि मद्याच्या नुसत्या वासानं घरात नशा चढत नाही. “जरा चाखून बघतो” असं पाच वेळा झालं असेल, तर तो हिशेब वेगळा. (हशा)

आता प्रश्न घेऊ. पहिली चिठ्ठी: “कोविडपासून घरी ऑक्सिमीटर आहे. त्यावर 98 दिसलं तर निर्धास्त राहावं का?” नाही. बोटाला लावायचं ते साधं यंत्र ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करत नाही. माणूस गुदमरत असतानाही ते 98 दाखवू शकतं. खात्री रुग्णालयातल्या रक्ततपासणीनं होते.

दुसरी चिठ्ठी: “आमच्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. पिंपाच्या खोलीत दिवा लावला तर कळेल का?” विझला तर धोका नक्की आहे. जळत राहिला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ज्योत टिकेल एवढ्या हवेतही माणसाला भोवळ येऊ शकते. आणि कार्बन मोनॉक्साइड तर दिव्याला कळतच नाही. एका पिंपाची मी काळजी करणार नाही, पण जिन्याखालच्या बंद कोठडीत चार-पाच पिंपं किंवा बरण्या असतील, तर आत वाकण्याआधी दार उघडं टाकून हवा खेळू द्या. वायू तळाशी साचतो, म्हणून खाली बसून तोंड आत घालणाराच आधी सापडतो.

तिसरी चिठ्ठी वाईनच्या बरणीची आहे: झाकण घट्ट लावावं की फडकं बांधावं? फुगणं चालू आहे तोवर फडकं. घट्ट झाकणानं बरणी फुटते.