तळं तर आधीच खुलं होतं

महाडचं चवदार तळं अस्पृश्यांना १९२७च्या सत्याग्रहानंतर खुलं झालं, असं अनेकांना वाटतं. खरं तर सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला होता. हक्क कागदावर होताच. ओंजळीत पाणी यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७.

महाड-पोलादपुरातल्या रोजंदारीच्या माणसाचंही आज असंच काहीसं आहे. 'रोजंदारीवाल्याला कसला कायदा?' हा सगळ्यांत जुना गैरसमज. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम, एवढ्यावर कल्याणकारी मंडळात नोंद होते. लोकांच्या लेखी मंडळ म्हणजे भांड्यांचा संच! भांडी मिळतात, खरं आहे. पण मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, मृत्यूनंतर वारसाला रक्कम हेही त्याच नोंदीवर. शिवाय ही सरकारची मेहेरबानी नाही. बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून हा पैसा येतो. घोडं अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. गवंड्याच्या पिशवीत थापी असते, ओळंबा असतो, डबा असतो. पण तीन महिन्यांत चार ठेकेदार बदलले तर सही कुणाची आणायची? ग्रामसेवकाचा दाखलाही चालतो, हे फार थोड्यांना ठाऊक.

ई-श्रम कार्ड म्हणजे पेन्शन नव्हे, ती नुसती नोंदणी. पेन्शन हवी तर श्रमयोगी मानधन योजनेत वेगळं नाव घालावं लागतं: वय १८ ते ४०, महिना ५५ ते २०० रुपये, तेवढेच सरकारचे, आणि साठीनंतर महिना ३००० रुपये.

एमआयडीसीतल्या ठेकेदाराच्या कामगाराला 'तो कंपनीचा नाही' म्हणून झटकतात. पण ईएसआय-पीएफ लागू असलेल्या कारखान्यात ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तर ते मूळ मालकाच्या गळ्यात येतात.

'ज्याला एक मालकच नाही, त्याचा पीएफ कोण भरणार?' हा सवाल बिनतोड वाटतो. महाराष्ट्राने त्याचं उत्तर १९६९ सालीच माथाडी कायद्याने दिलंय. हमाल दहा गाळ्यांवर ओझी वाहतो. मजुरी आणि वरची लेव्ही मालक माथाडी मंडळात भरतात, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मंडळ सांभाळतं. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेली ही व्यवस्था. जगात सुमारे दोनशे कोटी माणसं असंघटित कामावर आहेत, आणि एवढं चोख उदाहरण आपल्या दारात असून आपणच ते विसरतो.

घराचं काम काढलंत, तर गवंडी-बिगाऱ्यांच्या हजेरीची वही ठेवा. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदाराकडून त्यांच्या दाखल्यावर सही घ्या.