दुसऱ्या पेटीची परीक्षा

1992 साली मार्विन शँकन या न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने केवळ सिगारला वाहिलेलं मासिक काढलं, तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. अमेरिकेत सिगारचा खप कित्येक वर्षं घसरत होता. म्हातारे ओढतात ती चीज, अशीच त्याची ख्याती होती. पण शँकन यांच्या हाताशी वाइनचं एक चालतं मासिक होतं आणि त्यातली शंभर गुणांची पद्धत होती. ती त्यांनी ‘सिगार अफिशियोनाडो’त जशीच्या तशी आणली. सिगारवरची कागदी पट्टी काढायची, नंबर चिकटवायचा आणि माल कोणाचा हे न सांगता परीक्षकांपुढे ठेवायचा. दिसणं, बांधणी, जळण, चव, एकूण ठसा, असे गुण द्यायचे. जाहिरातीला पैसा नसलेल्या छोट्या कारखानदाराला या आकड्याने पहिल्यांदा बड्यांच्या पंक्तीला बसवलं. आज ज्याला ‘बुटीक सिगार’ म्हणतात, त्याचा बाजार या आकड्यावर उभा राहिला. त्याची पारख करताना होणारी मोठी गफलतही याच आकड्यातून आली.

विडीत तंबाखूची चुरी टेंभुर्णीच्या पानात वळतात. हातवळणीच्या सिगारमध्ये मात्र आतबाहेर तंबाखूच असतो. मध्ये फिलरची तीन-चार जातींची अख्खी पानं, त्यांना बांधणारं बाइंडरचं पान आणि वरून रॅपरचं निर्दोष, लवचीक पान. झाडाच्या शेंड्याकडचं ‘लिहेरो’ जाड आणि कडक असतं, सावकाश जळतं, म्हणून ते मधोमध घालतात. खालची पानं सौम्य असतात आणि पेट धरून ठेवतात. ही पानं ढिगात रचून महिनोन्महिने आंबवावी लागतात. ढिगाची ऊब वाढली की तो मोडून पुन्हा रचायचा. या कामात घाई केली की अमोनिया पानातच राहतो आणि पहिल्याच झुरक्याला नाकात झणझणतो.

नव्वदच्या दशकात नेमकी ही घाई झाली. हातवळणीच्या सिगारची अमेरिकेतली आयात 1992 मध्ये दहा कोटींच्या आसपास होती, ती 1997 मध्ये चाळीस कोटींच्या वर गेली. क्युबाचा माल 1962 पासून बंद असल्याने सगळी भिस्त डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि निकाराग्वावर होती. पानं अपुरी, वळणारे हात कच्चे आणि मागणी बेसुमार. रातोरात ब्रँड निघाले, पेट्यांवर सोनेरी शिक्के आले, आत कच्चा माल. भाव कोसळले तेव्हा हेच ब्रँड मातीमोलाने विकले गेले. ‘बुटीक’ हा शब्द तेव्हाही चलनात होता, पण त्याचा अर्थ एवढाच की मालकाचं नाव कोणी ऐकलेलं नाही.

त्या धुमाळीतही दोन घरांनी घाई केली नाही. क्युबातून आलेल्या होसे ओर्लांडो पाद्रोन यांनी मायामीत सुतारकाम करून 600 डॉलर साठवले आणि 1964 मध्ये एका कारागिरावर कारखाना सुरू केला. पुढे काम निकाराग्वातल्या एस्तेलीला नेलं. 1978 च्या उठावात तिथला कारखाना जळाला, 1985 मध्ये रेगन सरकारने निकाराग्वाशी व्यापार बंद केला, तरी घर टिकलं. 1994 मध्ये त्यांनी ‘1964 अॅनिव्हर्सरी’ ही मालिका काढली. ती मुरलेल्या पानांची होती आणि मागणी वाढली तरी तिची संख्या हातातच ठेवली गेली. दुसरं घर फुएन्तेंचं. डॉमिनिकन मातीत चांगलं रॅपर होत नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगत असताना कार्लोस फुएन्ते ज्युनियर यांनी ते पिकवलं आणि 1995 मध्ये ‘ओपस एक्स’ बाजारात आला. ही घरं लहान म्हणावीत की मोठी, यावर वाद घालता येईल. पण पुढच्या पिढीने धडा घेतला तो यांच्याकडूनच.

ती पिढी 2003 च्या सुमारास आली. क्युबात उमेदीची वर्षं घालवलेले कसबी कारागीर होसे ‘पेपिन’ गार्सिया यांनी मायामीच्या लिटल हवाना भागात छोटा कारखाना थाटला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या सिगार दुकानांत काम केलेल्या पीट जॉन्सन यांनी त्यांच्याकडून ‘तातुआहे’ वळवून घ्यायला सुरुवात केली. जॉन्सनकडे ना शेत होतं ना कारखाना. गिऱ्हाइकाला काय हवं याची जाण आणि योग्य माणूस हेरण्याची नजर, एवढंच भांडवल. बुटीकची आजची घडी इथे बसली: चव ठरवणारा एक, वळणारा दुसरा, आणि दोघांचीही नावं गिऱ्हाइकाला ठाऊक. गार्सियांचा माल मिऱ्यासारखा तिखट होता. त्याची इतकी नक्कल झाली की काही वर्षं कोणताही नवा सिगार पेटवला की आधी नाकाला मिरीच लागायची.

जोनाथन ड्रू आणि मार्विन सॅमेल यांची वाट वेगळी. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या छोट्या टपरीवरून सुरुवात करून ते 1998 मध्ये एस्तेलीला गेले. त्यांच्या कंपनीत असताना स्टीव्ह साका यांनी स्वतःपुरतं पानांचं एक मिश्रण, म्हणजे ब्लेंड, बसवलं. तेच पुढे ‘लिगा प्रिवादा नंबर 9’ नावाने दुकानात आलं आणि ते मिळवायला लोक दुकानदारांच्या मिनतवाऱ्या करू लागले.

या सगळ्या काळात पारख कशी बदलली? मी या नादाला लागलो तेव्हा परीक्षण म्हणजे चवींची यादी असायची: चामडं, देवदार, कॉफी, कोको, झालंच तर जायफळ. यादी जितकी लांब तितका परीक्षक जाणकार. हळूहळू कळलं की यादीआधी हात आणि कान लागतात. सिगार बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जायचं. मध्येच मऊ लागला तर तिथे पानं कमी पडली आहेत, तो भसाभसा जळणार आणि तापणार. गाठ लागली तर ओढ अडणार. कानाशी करकरला तर कोरडा पडला आहे. टोक कापून न पेटवताच एक झुरका घ्यायचा, त्यात गवत आणि मनुका यांमधलं काहीतरी कळतं. मग ज्योत न टेकवता सिगारचा पाय, म्हणजे पेटवायचं टोक, शेकायचा, सगळीकडून सारखा लाल होईपर्यंत. झुरक्यांत मिनिटभराचं अंतर ठेवायचं, कारण भराभर ओढला की उत्तम पानही कडू होतं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि त्यातला थोडा नाकावाटे सोडायचा, खरी चव तिथे उमटते. छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच, आणि रोज ओढणाऱ्याची जीभही बोथट होते, म्हणून तो परीक्षकही वाईट.

पाच इंच लांब, पन्नास गेजचा रोबुस्तो तासाभरात संपतो. गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा पन्नास गेजची जाडी पाऊण इंचापेक्षा किंचित जास्त भरते. त्या तासाचे तीन भाग धरायची रीत आहे. पहिल्या भागात रॅपर बोलतो, दुसऱ्यात ब्लेंड जुळून येतं, तिसऱ्यात उष्णता आणि निकोटीन वाढतं आणि पान पुरतं आंबवलं होतं की नाही ते उघडं पडतं. पहिल्या भागावर गुण देणारे पुष्कळ, पण कारखान्याची लायकी कळते तिसऱ्या भागात.

एका छोट्या ब्रँडने मला याच्याही पुढचं शिकवलं. त्याच्या पहिल्या पेटीतला माल अप्रतिम होता: सरळ जळण, घट्ट राखाडी राख, शेवटपर्यंत गोडसर. परीक्षणांतही वाहवा झाली. पुढच्या वर्षी तीच पट्टी, तोच भाव, पण रॅपर एका छटेने फिका आणि निम्म्या सिगारची ओढ अडलेली. वर्षभर ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या पेटीत, ठेवून पाहिले. जुन्या तांदळासारखे मुरतील ही आशा, पण अमोनिया तेवढा उडाला, गाठ सुटली नाही. मुरवण्याने कच्चेपण जातं, वळण्यातली चूक जात नाही. छोट्या कारखान्याकडे एका हंगामाचं एखादंच उत्तम पान असतं. ते संपलं की मोठी कंपनी गोदाम उघडते, छोट्याला बाजारात मिळेल ते घ्यावं लागतं. पहिल्या मालाने कमावलेला आकडा मात्र दुसऱ्या पेटीवरही तसाच झळकत राहतो.

मधल्या काळात सरकारनेही या धंद्याला वळण लावलं. 2016 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचे नियम सिगारला लागू झाले. 15 फेब्रुवारी 2007 नंतर बाजारात आलेल्या मालाला मंजुरी लागणार होती आणि ती प्रक्रिया छोट्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती. मुदतीआधी बाजारात हजर असल्याचं दाखवण्यासाठी अनेकांनी नवे सिगार घाईघाईने काढले. त्यांतले कित्येक आज कोणाच्या लक्षातही नाहीत. 2023 मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने हातवळणीच्या सिगारपुरते ते नियम रद्द केले. तोवर धंद्याचं रूप पालटलं होतं. ड्रू यांची कंपनी 2014 मध्ये स्विशर या यंत्रावर सिगार करणाऱ्या बड्या घराने घेतली. साका तिथून बाहेर पडले होते; 2015 मध्ये ते स्वतःचं छोटं दुकान मांडून बसले. करोनाच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी खप इतका वाढवला की 1997 चा उच्चांकही मागे पडला, आणि कच्च्या मालाच्या तक्रारी पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

मागे वळून पाहताना वाटतं, बुटीक सिगार संख्येवरून ओळखायचा हट्टच चुकला. वर्षाला लाखभर वळणारा कारखाना गचाळ असू शकतो, आणि पाद्रोनसारखं मोठं झालेलं घर तीस वर्षं एकच चव राखू शकतं. पहिला सिगार चव सांगतो. घराची पत कळायला दुसरी पेटी फोडावी लागते. क्युबाच्या पेटीच्या बुडाशी कारखान्याची खूण आणि महिना-वर्षाचा शिक्का असतो. छोट्या निकाराग्वन घरांपैकी सगळीच तो मारत नाहीत. तो मारायला पैसा लागत नाही, फक्त गेल्या वर्षीचा माल आणि यंदाचा माल गिऱ्हाइकाने शेजारी ठेवून पाहावा अशी तयारी लागते. ज्या घराची ती तयारी आहे, त्याचा सिगार मी शंभरपैकी किती गुण पडले हे न विचारता घेतो.