चोवीस तासिकांचा कायदा

उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक सप्टेंबर २०२५ मध्ये उरकली. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी जिंकले. निकालाबद्दल तशीही कोणाला शंका नव्हती. पण प्रचारात एक जुनं प्रकरण उकरलं गेलं आणि इथे रायपुरात ते अजून शमलेलं नाही. पराभूत उमेदवार न्या. बी. सुदर्शन रेड्डी यांनी २०११ साली सर्वोच्च न्यायालयात असताना सलवा जुडूम (छत्तीसगडच्या बस्तर भागातली, सरकारच्या पाठबळावरची माओवादविरोधी मोहीम) मोडीत काढताना आदिवासींचा आत्मसंरक्षणाचा हक्कच संपवला, त्यामुळे नक्षलवाद दोन दशकं लांबला, असं गृहमंत्री अमित शहा म्हणाले. (२०११ पासून मोजलं तर दोन दशकं अजून पूर्ण व्हायची आहेत, पण ते असो.) १८ निवृत्त न्यायमूर्तींनी या विधानावर हरकत घेणारं पत्रक काढलं, लगोलग ५६ माजी न्यायमूर्तींनी त्यांच्याविरुद्ध दुसरं पत्रक काढलं आणि वाहिन्यांवर १८ मोठे की ५६, याचा हिशेब सुरू झाला.

मी पाहिलेल्या चर्चांमध्ये निकालपत्र कोणी उघडलेलं दिसलं नाही. ‘नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य’, ५ जुलै २०११, न्या. रेड्डी आणि न्या. सुरिंदरसिंग निज्जर. सुरुवातीलाच जोसेफ कॉनरॅडच्या कादंबरीचा दाखला येतो आणि त्यावरून न्यायमूर्तींना साहित्यिक म्हणून हिणवणं सोपं जातं. मला विचाराल तर या निकालपत्रातला सर्वांत बोलका भाग साहित्यिक नाहीच. तो आहे एक वेळापत्रक. ते राज्य सरकारनंच प्रतिज्ञापत्रात दिलं होतं.

विशेष पोलीस अधिकारी, म्हणजे बस्तरमध्ये सगळे ज्यांना ‘एसपीओ’ म्हणतात ती गावातली पोरं. मानधन महिन्याला ३,००० रुपये, त्यातले ८० टक्के केंद्राचे. मार्च २०११ पर्यंत त्यांची संख्या ६,५०० झाली होती, म्हणजे वर्षभरात दुपटीच्या वर. भरतीत पाचवी पास असलेल्याला प्राधान्य. प्रशिक्षण दोन महिन्यांचं. त्यात बंदूक चालवणं, कवायत, प्रथमोपचार, योगासनं, आणि वर्गात बसून शिकायचे विषय. भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुरावा कायदा वगैरे सगळं मिळून २४ तासिका. मानवी हक्क आणि राज्यघटना, १२ तासिका. तपासातल्या वैज्ञानिक आणि न्यायवैद्यक साधनांचा वापर, ६. लोकाभिमुख पोलिसिंग, ६. आणि ‘बस्तरची संस्कृती व चालीरीती’, ९. एक तासिका एका तासाची.

ही पोरं घेतली होती ती स्थानिक आहेत, जंगल, पायवाटा, गोंडी-हलबी जाणतात म्हणून. त्यांनाच बस्तरची संस्कृती नऊ तास शिकवायची! पुरावा कायद्यावर विधी महाविद्यालयातली मुलं अख्खं सत्र घालवतात आणि तरी नापास होतात. इथे पाचवी शिकलेल्या मुलानं तिन्ही कायदे चोवीस तासांत आत्मसात करायचे, आणि पंचविसाव्या तासाला रायफल घेऊन जंगलात शिरायचं.

न्यायालयानं नेमकं इथेच बोट ठेवलं. राज्याचं म्हणणं होतं की ही मुलं वाटाडे, दुभाषे आणि माणसं ओळखून दाखवणारे आहेत, बंदूक आहे ती केवळ त्यांच्या स्वतःच्या बचावासाठी. त्याच कागदांत छावण्यांवरचे हल्ले परतवून लावल्याचं श्रेयही त्यांना दिलेलं. दोन्ही विधानं एकाच प्रतिज्ञापत्रात सुखानं नांदत होती. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: आता समोर आहे ती परिस्थिती खरोखर स्वसंरक्षणाची आहे की नाही, हे त्या क्षणी ठरवायला शिक्षण आणि सारासारविचार लागतो, आणि चूक झाली तर बचाव कुठे संपला आणि खून कुठे सुरू झाला हे पोराला कळणारही नाही. यांतल्या अनेकांच्या घरची माणसं माओवाद्यांनी मारलेली, म्हणून ते जिद्दीनं लढतील, असं राज्य म्हणत होतं. सुडाची भावना हीच अडचण आहे, असं न्यायालयानं सुनावलं. आणि एक आकडा पुढे ठेवला. २००४ ते २०११ या काळात १७३ एसपीओ मारले गेले होते. नियमित दलांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. बचावासाठी दिलेली बंदूक बाळगणारेच जास्त मरत होते.

मग हक्क संपवला तो कसला? खासगी बचावाचा हक्क दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. तो बस्तरच्या माडिया आदिवासीलाही आहे आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आजोबांनाही. त्याला या निकालानं हातही लावला नाही. उलट २०१० मध्ये ‘दर्शनसिंग विरुद्ध पंजाब’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अंगावर आलेल्या माणसापुढून नागरिकानं पळ काढावा अशी कायद्याची अपेक्षा नाही. २०११ मध्ये थांबवलं गेलं ते सरकारनं पगार आणि बंदूक देऊन अर्धशिक्षित तरुणांना लढाईत पुढे घालणं. त्यांच्याकडून आपत्तीत मदत आणि वाहतूक नियंत्रण इतकीच कामं घ्या, शस्त्रं परत घ्या, आणि त्यांच्या जिवाला धोका आहे म्हणून त्यांना व कुटुंबांना संरक्षण द्या, असा आदेश होता. त्यातलं संरक्षणाचं वाक्य या निवडणुकीच्या प्रचारातल्या एकाही चर्चेत मी ऐकलं नाही.

इथे रायपूरच्या वृत्तपत्रांचा हिशेब मांडायला हवा. जून २००५ मध्ये बस्तरमधल्या कुटरू परिसरात सलवा जुडूमच्या सभा सुरू झाल्या. तेव्हाचे विरोधी पक्षनेते, काँग्रेसचे महेंद्र कर्मा पुढे होते, मागे रमणसिंग यांचं भाजप सरकार. दोन्ही पक्ष एका बाजूला असले की राजधानीतल्या वार्ताहराला विरोधी प्रतिक्रिया घ्यायला माणूस उरत नाही. ‘स्वयंस्फूर्त जनआंदोलन’ हा सरकारी शब्द बातमीत आला आणि अवतरणचिन्हाशिवाय आला. बस्तरमधलं विजापूर रायपूरहून चारशेहून अधिक किलोमीटरवर आहे. तिथला माणूस अंशकालीन वार्ताहर, तोच अंकांचा एजंट, तोच जाहिराती गोळा करणारा. जाहिरात मिळते जिल्हा प्रशासनाकडून किंवा ठेकेदाराकडून. त्यानं जळालेल्या गावाची बातमी पाठवायची कोणाच्या भरवशावर? त्यातच राज्याचा विशेष जनसुरक्षा कायदा आला. (महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं जो जनसुरक्षा कायदा मंजूर केला, त्याचं हे थोरलं भावंड. मराठी संपादकांनी त्याचं इथलं वय वाढताना काय झालं ते जरा वाचावं.)

लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. माओवाद्यांच्या संघमांनी, म्हणजे गावपातळीवरच्या संघटनांनी, गावोगावी पाटील-पुजाऱ्यांचे बळी घेतले होते, तेंदूपत्त्याच्या हंगामावर धाक बसवला होता. जुलै २००६ मध्ये एर्राबोरच्या छावणीवर झालेला हल्ला, मार्च २००७ मध्ये राणीबोदलीच्या तळावर मारले गेलेले ५५ जण, त्यांतले बहुसंख्य एसपीओ, या गोष्टी कोणी नाकारू नयेत. एर्राबोरच्या छावणीतल्या माणसाला स्वतःचा जीव वाचवायचा होता, हे उघड आहे. बातमीदारानं विचारायचा प्रश्न वेगळा होता: तो आपलं गाव सोडून छावणीत आला कसा? सुमारे ५०,००० माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आली ती सगळी स्वखुशीनं? २००६ मध्ये रामचंद्र गुहा, नंदिनी सुंदर, बी. जी. व्हर्गीज, हरिवंश (पुढे राज्यसभेचे उपसभापती झालेले) अशा मंडळींच्या गटानं येऊन हे विचारलं, तेव्हा इथे त्यांना ‘बाहेरचे’ म्हणून उडवून लावलं गेलं. २००८ मधल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अहवालात जुडूमला बरं म्हणणारी वाक्यं होती, ती मात्र मथळ्यांत गेली. अर्थात तीही वाक्यं खरोखर अहवालात होती, हे सांगायला हवं.

ज्यांनी दोन्हीकडचं लिहिलं त्यांचं काय झालं, याला साई रेड्डी हे एक नाव पुरेसं आहे. विजापूरचे पत्रकार. २००८ मध्ये माओवाद्यांचे साथीदार म्हणून पोलिसांनी त्यांना विशेष जनसुरक्षा कायद्याखाली आत टाकलं. डिसेंबर २०१३ मध्ये पोलिसांचे माणूस म्हणून माओवाद्यांनी त्यांना बासागुड्यात मारलं. २०१६ मध्ये एडिटर्स गिल्डची तीन जणांची समिती बस्तरला आली, त्यात नागपूरचे प्रकाश दुबेही होते. भीतीशिवाय काम करणारा एकही पत्रकार आपल्याला भेटला नाही, असं त्यांनी अहवालात नोंदवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मार्च २०११ मध्ये ताडमेटला परिसरातली घरं जाळल्याबद्दल सीबीआयनं एसपीओंवर आरोपपत्र ठेवलं, तेव्हा गणवेशातल्या सहायक आरक्षकांनी, म्हणजे सहायक पोलीस शिपायांनी, नंदिनी सुंदर आणि इतर कार्यकर्त्यांचे पुतळे जाळले. ही बातमी मात्र फोटोसकट सगळीकडे आली. फोटो काढायला जंगलात जावं लागलं नव्हतं.

शस्त्राच्या हक्काचा वाद या भागाला नवा नाही. छत्तीसगडची पत्रकारिता ज्यांच्यापासून मोजतात ते माधवराव सप्रे मराठी माणूस. १९०० मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ़ मित्र’, पुढे नागपूरहून ‘हिंदी केसरी’, आणि १९०८ मध्ये टिळकांच्याच सुमारास राजद्रोहाखाली अटक. लोकांना निःशस्त्र करणारा ब्रिटिशांचा शस्त्र कायदा हा त्या पिढीचा कायमचा सल होता. १९३१ च्या कराची काँग्रेसनं नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तोच मुद्दा मांडला तो मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी. रायपूर तेव्हा याच प्रांतात होतं. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती मान्य केली नाही. सरसकट हक्क दिला की सराईत गुन्हेगारही त्यावर दावा सांगेल, तेव्हा हे नियमनावरच सोडावं, असा त्यांचा युक्तिवाद होता. कामतांना नागरिकाच्या हातात हक्काची बंदूक हवी होती. साठ वर्षांनी बस्तरमध्ये नागरिकाच्या हाती बंदूक आली ती शासनाच्या मानधनासोबत, आणि तिलाच हक्क म्हटलं गेलं. कामतांनाही हे रुचलं नसतं असं मला वाटतं.

बंदुकीनं स्वतःला वाचवणाऱ्यांच्या बातम्यांचं म्हणाल तर, अमेरिकेत बंदूकमालकांच्या संघटनेच्या मासिकात ‘आर्म्ड सिटिझन’ नावाचं सदर कित्येक दशकं चालू आहे. वृत्तपत्रांच्या कात्रणांतून घरफोड्याला पळवणाऱ्या गृहिणीच्या, दुकानदाराच्या कथा तिथे येतात. त्यांची तक्रार अशी की मोठी माध्यमं या कथा दाबतात. आपल्याकडे उलटं आहे. राजौरीच्या एका तरुणीनं २००९ मध्ये घरात घुसलेल्या अतिरेक्याला मारलं, तिला कीर्तिचक्र मिळालं, देशभर मुलाखती झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये राजौरीतच ढांगरी गावात रायफल चालवून हल्लेखोरांना हुसकावणारा दुकानदार असाच सगळ्या वाहिन्यांवर झळकला. दोघांचंही शौर्य खरं. पण तरुणीच्या घरावर पुढे हल्ला झाला, कुटुंबाला गाव सोडावं लागलं, तेव्हा कॅमेरे पांगले होते. महाराष्ट्रात तर फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्यावर तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी वाहिनीला फोनवर आपली बाजू सांगितली. खटला न्यायालयात आहे, त्यावर काही बोलत नाही. बचावाचं कारण न्यायाधीशाच्या आधी निवेदकापुढे मांडलं जातं, एवढंच नोंदवतो.

२०११ च्या निकालानंतर छत्तीसगडनं काय केलं? सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा २०११ मध्येच आणला, निकालाच्या तारखेपासून लागू केला आणि बरीचशी तीच पोरं गणवेशात आणली. शिवाय डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड (डीआरजी) हे दल, त्यात शरण आलेले माओवादीही. गडचिरोलीचं सी-६० हे १९९० पासूनचं पथक स्थानिकांचंच, पण ती माणसं पहिल्या दिवसापासून पोलीस होती. भरती, पगार, निवृत्तिवेतन, चौकशी, सगळं पोलिसाचं. छत्तीसगडनं ते करावं म्हणून न्यायालयाला फटकारावं लागलं, आणि माझ्या मते सुदर्शन रेड्डींच्या निकालाचं खरं फळ हेच आहे. त्या निकालाशिवाय ही पोरं आणखी किती वर्षं ३,००० रुपयांवर मरत राहिली असती कोण जाणे.

१५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी, या कायद्यावरून दाखल झालेली अवमान याचिका निकाली काढली. विधिमंडळानं कायदा करणं म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे. सहा दिवसांनी अबूझमाडमध्ये याच डीआरजीच्या कारवाईत माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ही बातमी पहिल्या पानांवर आठ-आठ स्तंभ पसरली. त्याआधी, त्याच वर्षी ६ जानेवारीला आंबेलीजवळ सुरुंगानं डीआरजीचे आठ जवान आणि त्यांचा चालक उडवला गेला, त्याची बातमीही मोठी होती. त्या आठांपैकी पाच जण पूर्वाश्रमीचे माओवादी होते, हे पोलिसांनीच सांगितलं. आंबेली कुटरू ठाण्याच्या हद्दीत येतं, म्हणजे जुडूमच्या सभा जिथे सुरू झाल्या त्याच परिसरात. बातम्यांत ते ‘विजापूर जिल्ह्यातील’ एवढंच होतं.