जुन्या लाकडावरचा रंग

जुन्या बाजारातून एखादे रंगविलेले सागवानी कपाट घरी आणले, की आपला हात प्रथम काचकागदाकडे जातो. रंग काढायचा म्हणजे तो घासायचा, अशी आपली समजूत असते. ही समजूत दोन कारणांनी घातक आहे, असे आम्हांस वाटते.

पहिले कारण आरोग्याचे. जुन्या तैलरंगांत शिशाची संयुगे सर्रास घातली जात. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला, तर त्यातील शिसे धुळीबरोबर घरभर पसरण्याचा संभव असतो. रांगणारे मूल तीच बोटे तोंडात घालते, आणि शिशाने वाढत्या मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. ज्योतीने रंग भाजून काढणेही तितकेच वाईट. त्यात विषारी धूर होतो.

दुसरे कारण लाकडाचे. पुष्कळशा जुन्या सामानावर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. आम्ही एकदा एक मेज मोठ्या उत्साहाने घासले. पापुद्रा गेला आणि खालचे हलके लाकूड उघडे पडले. ती चूक कोणत्याही पॉलिशने झाकली गेली नाही.

मग करावे काय? प्रथम वरचा लेप ओळखावा. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा मिनिटभर धरावा. लेप चिकट होऊन बोळ्यावर उतरला, तर ते लाखेचे पॉलिश समजावे. पळस-कुसुमावरील किड्यांची ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच लावलेली असते. ती स्पिरिटनेच सुटते. तेथे स्पिरिट आणि चिंध्या पुरतात. मात्र जवळपास विस्तव नसावा.

लेप सुटला नाही, तर बहुधा व्हार्निश किंवा तैलरंग असतो. त्यावर रंग काढण्याचे द्रावण जाड थापावे. रंग सुरकुतला, की बोथट पत्रीने लाकडाच्या शिरांच्या दिशेने तो खरवडावा. खरादलेल्या पायांच्या खोबणींतून सुतळी ओढावी. द्रावणात मिथिलीन क्लोराइड नसल्याची खात्री करावी. बंद जागेत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत. कोणतेही द्रावण उघड्यावर, हातमोजे घालूनच वापरावे. कॉस्टिक सोडा स्वस्त खरा, पण त्याने सागवान काळवंडते आणि सांध्यांतील सरस सुटतो. निघालेला रंग ओला असतानाच गोळा करून झाकणाच्या डब्यात भरावा.

आणखी एक विनंती. रंग जुना पण धड असेल आणि घरात लहान मूल किंवा गर्भवती स्त्री असेल, तर तो काढूच नये. न घासता वरून नवा लेप द्यावा. सागाच्या शिरा आणखी दहा वर्षांनी पाहिल्या, तरी त्या तितक्याच सुंदर असतील. मूल मात्र तोवर मोठे झालेले असेल.