सौद्यामागचं गणित (लेखांक ७) : जिंकलेली बोली का बुडवते?

घासाघिशीत पहिला आकडा कोणी बोलावा, हे मागच्या लेखात पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. आकडा तुम्ही बोललात आणि समोरच्याने एका दमात ‘दिला’ म्हटलं. मनासारखं झालं, तरी पोटात गोळा येतो. हा गोळा अगदी रास्त आहे, आणि त्यामागचं गणित बिझनेस स्कूलमधल्या संशोधकांनी फार नेटकेपणाने मांडलं आहे.

मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएल्सन यांनी बोस्टन विद्यापीठातल्या एमबीएच्या वर्गांमध्ये बरण्यांचे लिलाव केले. एका बरणीत एक सेंटची ८०० नाणी, दुसरीत पाच सेंटची १६०. उरलेल्या दोन बरण्यांत कागदाला लावायच्या क्लिपा. मोठी क्लिप चार सेंटची आणि लहान दोन सेंटची, असा भाव धरलेला. प्रत्येक बरणीतला ऐवज बरोबर आठ डॉलरचा होता, पण हे मुलांना ठाऊक नव्हतं. बरणी बघायची, आपला अंदाज लिहायचा आणि बंद पाकिटात बोली द्यायची. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याने तेवढे पैसे मोजून आतला ऐवज घ्यायचा. असे ४८ लिलाव झाले आणि निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

अंदाजांची सरासरी निघाली ५.१३ डॉलर. म्हणजे एकूण वर्गाने हात आखडताच घेतला होता. तरीही जिंकलेल्या बोलींची सरासरी होती १०.०१ डॉलर. आठ डॉलरच्या मालाला दहा डॉलर!

याचं कारण असं की, लिलाव कधीच सरासरी माणूस जिंकत नाही. पन्नास जणांनी अंदाज केले की काही खाली जातात, काही वर. त्यांतून लिलाव नेमका तोच माणूस वेचून काढतो, ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला असतो. अभ्यासकांनी याला ‘विनर्स कर्स’, विजेत्याचा शाप, असं नाव दिलं. बोली लावणारे जितके जास्त, तितका सर्वांत फुगलेला अंदाज आणखी वर जाणार. त्यामुळे जिथे मालाची खरी किंमत सगळ्यांना सारखीच असते आणि फक्त ती कोणालाच नीट माहीत नसते, तिथे गर्दी वाढली की हात आखडता घ्यायला हवा. आपण गर्दी बघून चेव येऊन आकडा वाढवतो.

ही गोष्ट प्राध्यापकांच्या आधी तेलवाल्यांनी ओळखली होती. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल हे अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीतले तिघे अभियंते. तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षित नफा का मिळत नाही, हे त्यांनी १९७१ मध्ये लिहून दाखवलं. त्यांनी दिलेला एक दाखला डोळे उघडणारा आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या तेलपट्ट्यांचा १९६९ मध्ये लिलाव झाला. जिंकलेल्या बोलींची बेरीज होती ९० कोटी डॉलर. त्याच पट्ट्यांवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या बोलींची बेरीज केवळ ३७ कोटी. सगळ्या कंपन्यांकडे भूगर्भशास्त्रज्ञ होते, सगळे एकाच जमिनीकडे बघत होते, आणि तरी पहिल्या-दुसऱ्यात एवढी दरी.

लिलावात निदान दहा स्पर्धक दिसतात, त्यामुळे माणूस थोडा तरी सावध असतो. समोर एकच विक्रेता असला की ही सावधगिरीही जाते. म्हणून बेझरमन आणि सॅम्युएल्सन यांनी एक कोडं तयार केलं. वाचणं थांबवून ते सोडवून पाहा.

तुम्हाला एक कंपनी विकत घ्यायची आहे. तिचं सगळं भवितव्य तेलाच्या एका शोधावर अवलंबून आहे. शोध फसला तर शेअरची किंमत शून्य, पुरता यशस्वी झाला तर १०० डॉलर. मधल्या प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच. कंपनी तुमच्या हातात आली की तिचं मोल दीडपट होईल. शोधाचा निकाल विक्रेत्याला कळलेला असेल, तुम्हाला नाही. तुम्ही एकदाच भाव सांगायचा. तो त्याला परवडला तर तो विकणार, नाही तर सौदा मोडला. किती भाव सांगाल?

बहुतेक जण ५० ते ७५ च्या दरम्यानचा आकडा सांगतात. त्यांचा हिशोब असा: कंपनी सरासरी ५० ची, माझ्याकडे आली की ७५ ची, मग मधला काहीतरी भाव दोघांनाही बरा. ऐकायला सरळ वाटतं. आता ६० सांगून पाहू. विक्रेता ‘हो’ कधी म्हणेल? कंपनी ६० किंवा त्याहून कमी किमतीची असेल तेव्हाच. म्हणजे त्याने होकार दिला त्या क्षणी ६० च्या वरच्या सगळ्या शक्यता बाद. उरलेल्या शक्यतांची सरासरी ३०. दीडपट केली तर ४५. मोजले ६०, हाती आले ४५. दुसरा कुठलाही आकडा घ्या, सरासरीने चौथा हिस्सा बुडतोच. बरोबर उत्तर शून्य: भाव सांगूच नये. हे कोडं विद्यार्थ्यांखेरीज कंपन्यांचे प्रमुख आणि हिशेबतपासनिसांच्या मोठ्या संस्थांचे भागीदार यांनाही घालण्यात आलं. तेही याच खड्ड्यात पडले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा भाग. बेझरमन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये छापलेल्या अभ्यासात एमबीएच्या विद्यार्थ्यांना हाच डाव वीस वेळा खेळायला दिला. दर डावानंतर नफा-तोटा समोर ठेवला. तरी धडा घेणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. मात्र काहींना विक्रेत्याच्या खुर्चीत बसवल्यावर शिकणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. ठेच लागून जे कळलं नाही, ते पलीकडे बसून कळलं.

आपल्याकडे फळबागांचे उक्ते सौदे याच जातीचे. विदर्भात संत्र्याचा व्यापारी झाडावरची फळं बघून अख्ख्या बागेचा भाव ठरवतो आणि इसार देतो. तोडणीच्या वेळी व्यापारी भाव पाडून मागतो किंवा इसार सोडून निघून जातो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. त्यात लबाडी असतेच. पण जिथे पाच जणांनी बाग पाहिली आणि एकाचा आकडा बाकीच्यांच्या फार वर गेला, तिथे तो बागेचा अंदाज चुकलेला माणूस असण्याची शक्यता मोठी. हंगामात चूक त्याच्या लक्षात येणार आणि तोटा तो शेतकऱ्याच्या गळ्यात मारायला बघणार. अशा बोलीला हुरळून जाण्याआधी दुसऱ्या क्रमांकाचा आकडा किती होता ते पाहावं. फरक मोठा असेल तर इसार जास्त मागावा आणि करार लेखी करावा.

घेणाऱ्यासाठीही रीत सोपी आहे. जुनी गाडी असो, फ्लॅट असो की चालू दुकान, भाव सांगण्याआधी कागदावर लिहा: ‘याने लगेच हो म्हटलं, तर या वस्तूबद्दल मला काय नवं कळेल?’ उत्तर वाचून आकडा बदलावासा वाटला, तर तो आधीच बदला. आणि विक्रेत्याला जे माहीत आहे ते आपल्यालाही कळावं म्हणून मेकॅनिक, वकील किंवा हिशेबनीस यांना आधी दाखवा; त्यांची फी बुडणाऱ्या चौथ्या हिश्श्यापेक्षा बहुधा कमीच असते.

चांगल्या गाडीचा मालकसुद्धा या संशयापायी बाजारातून कसा बाहेर फेकला जातो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवलं आणि २००१ च्या नोबेलमध्ये वाटेकरी झाले. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबद्दल.