कानाखाली आवाज

'कानाखाली आवाज काढीन' हे आपण किती सहज बोलतो. पोराला म्हणतो, आणि काही घरांत बायकोलाही हे ऐकावं लागतं. तो आवाज आत जाऊन काय करतो, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या कसब्यात तांबट आळीची हातोडी सगळ्यांच्या ओळखीची. कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडं असतात, त्यांची नावंच हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडदा हलला की ही साखळी हलते आणि आवाज गोगलगायीच्या शंखासारख्या आतल्या कानात पोचतो.

उघड्या तळव्याची थप्पड कानावर बसली, तर कोंडलेली हवा पडद्यावर आदळून तो फाटू शकतो. दुखतं, थोडं रक्त येतं, कान गच्च होतो. मग घरात कोणीतरी लसणीचं कोमट तेल आणतंच! ते मुळीच घालू नका. न विचारता औषधाचे थेंबही नकोत. कान कोरडा ठेवा, नाक जोरात शिंकरू नका. बहुतेक पडदे दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतात. न भरल्यास शस्त्रक्रियेनं ठिगळ लावता येतं.

आतल्या कानाचं तसं नाही. तिथल्या साधारण 15,000 नाजूक पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. ढोल-ताशानं आणि ठोक्यांनीही त्या झिजतात, पण ते हळूहळू. मार बसल्यावर एकदम कमी ऐकू आलं, गरगरलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी डॉक्टर कधीकधी स्टेरॉइड देतात, आणि उशीर झाला की त्याचा उपयोग घटतो. डोक्याला मार लागून कानातून पाणी आलं किंवा तोंड वाकडं झालं, तर थेट ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात.

डॉक्टर आधी पडदा पाहतात. मग ठोकल्यावर घुमणारा पोलादी नादकाटा कपाळावर टेकवतात. दुखऱ्या कानात जास्त घुमला, तर बिघाड पडद्याचा किंवा हाडांचा; चांगल्या कानात घुमला, तर आतल्या कानाचा. नेमकं किती ऐकू येतं ते ऑडिओमेट्रीत कळतं.

'दाराला आपटले' असं सांगू नका. कोणी मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या. एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार ती गंभीर दुखापत ठरते. मदतीसाठी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि त्या कागदांची एक प्रत माहेरी, नाहीतर मैत्रिणीकडे ठेवा.